दुष्काळातून मुक्तीकडे : पंडिता रमाबाईंचा देवावरील भरवसा



मंडळाच्या वर्धापनदिनासारख्या आनंदाच्या प्रसंगी दुःखाचा विषय कशाला, असे कदाचित कोणाच्या मनात येईल. परंतु दुःखाने ज्याचा उंबरठा ओलांडला नाही असे घर आपल्या आळीत तरी कोठे आहे? कोणाचे कुंकू पुसले गेले, कोणाचे लेकरू हातचे गेले, कोणाच्या घरी वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले माणूस आहे. रात्री त्या माणसाच्या उशाशी बसून जागताना एक प्रश्न आपण प्रत्येकीने देवाला विचारला आहे. "देवा, मी तुला कधी विसरले नाही, मग हे माझ्याच वाट्याला का?"

या प्रश्नाला उत्तरे देणारे पुष्कळ भेटतात. कोणी म्हणतो, पूर्वीचे काही पाप असेल. कोणी म्हणतो, परीक्षा आहे. कोणी नुसतेच "देवाची इच्छा" असे म्हणून चहाचा पेला खाली ठेवतो आणि घरी जातो. पवित्र शास्त्रातील ईयोबाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले, तोवर ते खरे मित्र होते. ते बोलू लागले आणि ईयोबाचे दुःख दुप्पट झाले. म्हणून या लेखात तत्त्वज्ञान सांगण्याचा माझा विचार नाही. आपल्याच महाराष्ट्रात, आपलीच मराठी भाषा बोलणारी एक स्त्री होऊन गेली. दुःख म्हणजे काय हे तिला कोणी शिकवावे लागले नाही आणि देवावर भरवसा म्हणजे काय हे तिने बोलण्यापेक्षा करून दाखविले. त्या पंडिता रमाबाईंच्या चरित्रातील काही प्रसंग आज आपण एकत्र पाहू.

भाकरीचा तुकडा

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान आणि तितकेच हट्टी. बायकोला संस्कृत शिकवीन, असे त्यांनी ठरविले आणि लोकांचा रोष पत्करून लक्ष्मीबाईंना शिकविले. पुढे आईने तीच विद्या मुलीला दिली. रमा सहा महिन्यांची असताना हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटाऱ्यात घालून माणसाच्या डोक्यावर दिले होते. तो प्रवास पुढे कित्येक वर्षे संपला नाही. या क्षेत्राहून त्या क्षेत्रास जावे, देवळात पुराण सांगावे, जे मिळेल त्यातून दानधर्म करावा आणि पुढे चालू लागावे, असा त्यांचा संसार होता.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. घरातील पैसा सरला. दागिने गेले, चांदीची भांडी गेली, शेवटी तांब्यापितळेची भांडीही गेली. तरीही शास्त्रीबुवांची उपासतापास आणि जपजाप्याची शिस्त मोडली नाही. देव प्रसन्न होईल या आशेवर होते नव्हते ते दानात दिले गेले. अखेर खाण्यास काहीच उरले नाही, तेव्हा हे कुटुंब रानात शिरले. अकरा दिवस त्यांनी पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. वृद्ध आणि आंधळे झालेले शास्त्रीबुवा जलसमाधी घेण्यास निघाले होते. मुलाने जातीचा अभिमान बाजूस ठेवून मोलमजुरी करण्याचे कबूल केले, तेव्हा कोठे ते थांबले. परंतु शरीराची शक्ती संपली होती. 1874 च्या सुमारास त्यांनी प्राण सोडला. जाण्यापूर्वी धाकट्या लेकीला जवळ घेऊन, मी तुला देवाच्या हाती दिले आहे, त्याचीच सेवा कर, अशा अर्थाचे शब्द ते बोलले. रमाबाई ते शब्द जन्मभर विसरल्या नाहीत.

थोड्याच दिवसांत आई अंथरुणाला खिळली. भुकेने तिचा जीव कासावीस झाला, तेव्हा भावाने रमाला शेजारच्या घरी भाकरी मागण्यास पाठविले. सोळा वर्षांची ती मुलगी दारात जाऊन उभी राहिली, पण तोंडातून शब्द फुटेना. शास्त्रीबुवांची लेक भीक कशी मागणार? डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्या घरच्या बाईने मायेने विचारपूस केली, तेव्हा कसाबसा बाजरीच्या भाकरीचा एक तुकडा तिने मागितला. बाईने तो दिला. रमा धावत आईकडे आली, परंतु तो खाण्याचे बळही आता आईच्या अंगी राहिले नव्हते. ती बेशुद्ध झाली आणि काही दिवसांतच गेली.

यानंतरचा प्रसंग वाचताना माझा हात थरथरतो. आईची तिरडी उचलण्यास चार माणसे मिळेनात. गाव परका आणि घर दरिद्री. शेवटी दोन ब्राह्मणांना दया आली. त्यांच्या बरोबर तिसरा खांदा भावाने दिला आणि चौथा मुलीने. स्मशान जवळजवळ तीन मैलांवर होते. रमा उंचीने ठेंगणी होती. खांद्यावर घेतले तर तिरडी एका बाजूस कलायची, म्हणून तिने आपल्या आईचा भार डोक्यावर वाहिला.

भगिनींनो, हा प्रसंग मनात ठेवा, कारण माझ्या मते रमाबाईंचे पुढील सर्व आयुष्य या तीन मैलांच्या वाटेवरून निघाले आहे. मोठी बहीण कृष्णाबाईदेखील लवकरच गेली. देवासाठी सर्वस्व देणारे घर असे होत्याचे नव्हते झाले. "देव आहे तर हे का?" हा प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाला असेल, तर तो या मुलीला होता.

एकामागून एक घाव

उरलेली दोघे भावंडे चालू लागली. श्रीनिवासशास्त्री आणि रमा यांनी पायी हजारो मैल हिंदुस्थान पालथा घातला. उत्तरेस झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरूण नसल्यामुळे वाळूत खड्डे करून, मानेपर्यंत वाळू अंगावर ओढून घेऊन त्यांनी रात्री काढल्या. कधी भिजविलेले धान्य आणि मीठ एवढेच जेवण होई. 1878 साली ती कलकत्त्यास पोहोचली आणि तेथे या मराठी मुलीच्या संस्कृत वाणीने विद्वानांना चकित केले. तिला "पंडिता" आणि "सरस्वती" अशा पदव्या मिळाल्या. काल जिला तिरडीस खांदेकरी मिळत नव्हते, तिचे आज जाहीर सत्कार होऊ लागले.

पण सुखाचे दिवस थोडेच टिकले. 1880 साली डाक्क्यास भाऊ आजारी पडला. आपल्या मागे बहिणीचे कसे होईल, ही एकच काळजी त्याला होती. तुला आणि मला देवावाचून दुसरे आहे कोण, असे रमाबाईंनी त्याला सांगितले. देव पाहणारा असेल तर मला कशाचेच भय नाही, असे तो समाधानाने म्हणाला. त्या एकटेपणात देव जवळ असल्याचे आपल्याला जाणवले, असे रमाबाईंनी पुढे लिहून ठेवले आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या वेळी रमाबाई ख्रिस्ती नव्हत्या. जुन्या कर्मकांडावरील त्यांची श्रद्धा ढासळली होती आणि नवी अद्याप सापडलेली नव्हती. तरीदेखील अंधारात हात पुढे केला की तो कोणीतरी धरतो, एवढे त्यांना कळू लागले होते.

त्याच वर्षी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला. जातीबाहेरचा, नोंदणी पद्धतीने झालेला विवाह, तोही त्या काळात! 1881 साली मनोरमा जन्मली. संसार नुकता कोठे मांडला होता, तोच फेब्रुवारी 1882 मध्ये पटकीने पती गेले. आई, बाप, बहीण, भाऊ आणि नवरा या सर्वांना आठ वर्षांच्या आत पोहोचवून वयाच्या चोविसाव्या वर्षी ही स्त्री तान्ह्या मुलीला कडेवर घेऊन पुन्हा एकटी उभी राहिली.

या वेळी त्यांनी काय केले? त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, "स्त्रीधर्मनीती" हे पुस्तक लिहिले आणि सरकारने नेमलेल्या हंटर कमिशनपुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली. हे सर्व 1882 या एका वर्षात! ज्या वर्षी कपाळ पुसले गेले, त्याच वर्षी त्या दुसऱ्या बायकांसाठी बोलू लागल्या.

हुकमाने येत नाही ती श्रद्धा

1883 साली रमाबाई इंग्लंडास गेल्या. वैद्यकी शिकावी असा त्यांचा मानस होता. परंतु कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे तो बेत सोडावा लागला. हीही एक निराशाच. वाँटेज येथील सेंट मेरी मठातील भगिनींकडे त्या राहिल्या. या भगिनींचे लंडनमधील फुलहॅम येथे एक काम होते. समाजाने टाकलेल्या, वाट चुकलेल्या स्त्रियांना त्या तेथे मायेने सांभाळीत. रमाबाई ते पाहून थक्क झाल्या. अशा स्त्रीला जवळ घेणारा धर्म त्यांनी तोवर पाहिला नव्हता. हे तुम्ही कोणाकडून शिकलात, असा प्रश्न त्यांच्या मनात आला, तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांच्यापुढे ठेवण्यात आली. तहानलेला प्रभू येशू त्या नाकारलेल्या बाईजवळ पाणी मागतो आणि तिलाच जिवंत पाणी देऊ करतो, ही ती गोष्ट.

29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. त्याच महिन्यात त्यांच्याबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांचा परक्या देशात हृदयद्रावक अंत झाला होता. म्हणजे हा नवा जन्मदेखील शोकाच्या छायेतच झाला.

परंतु बाप्तिस्मा घेतला म्हणजे डोळे मिटून मान डोलावली, असे झाले नाही. मठातील वडीलधाऱ्या भगिनींना वाटे की रमाबाईंनी चर्चची शिकवण जशीच्या तशी स्वीकारावी. रमाबाई प्रश्न विचारीत, वाद घालीत आणि पटले नाही ते पटले नाही असे स्पष्ट सांगत. देवाच्या शब्दाला मान, पण माणसाच्या प्रत्येक हुकमाला देवाचा शब्द मानणार नाही, अशी त्यांची वृत्ती होती. आपण बायका पुष्कळदा भरवसा आणि मुकाटपणा यांची गल्लत करतो. कोणी दरडावले की गप्प बसावे, यालाच आपण देवभक्ती समजतो. रमाबाईंनी देवाच्या पायाशी डोके ठेवले, पण ते डोके विचार करण्याचे थांबले नाही.

मित्र सोडून जातात तेव्हा

1886 साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि तेथे दोन वर्षे गावोगाव फिरून हिंदी विधवांची कहाणी त्यांनी सांगितली. 1887 मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची स्थिती वर्णन करणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. बॉस्टन येथे त्यांच्या मदतीसाठी मंडळी उभी राहिली आणि दहा वर्षे साहाय्य देण्याचे वचन मिळाले. 11 मार्च 1889 रोजी मुंबईस शारदा सदन उघडले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. याच सदनातील गोदूबाई ही बालविधवा पुढे 1893 साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध होऊन आनंदीबाई कर्वे झाली, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल.

सदनात कोणालाही धर्म शिकविला जाणार नाही, असा करार होता. परंतु रमाबाई स्वतः खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली आपण होऊन आत येऊन बसत. पुण्यात गवगवा झाला, वर्तमानपत्रांतून टीकेचा भडिमार झाला. 1893 साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या थोर सल्लागारांनी आपला संबंध तोडला. पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या.

या प्रसंगी एकाच बाजूचा दोष दाखविणे न्यायाचे होणार नाही. रानड्यांसारखी माणसे स्त्रियांच्या हितशत्रूंपैकी नव्हती. आपण लोकांना दिलेल्या शब्दाला बाध येतो, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटले. रमाबाईंनाही प्रामाणिकपणे वाटले की, मुलीला प्रार्थनेस ये असे मी म्हणत नाही, तसे येऊ नको म्हणून दारही लावून घेणार नाही. दोन्हीकडे सज्जन माणसे असूनही ताटातूट झाली. शत्रूने केलेल्या जखमेपेक्षा अशी जखम अधिक दुखते. ज्यांनी विधवांच्या कामात हात दिला, तेच हात आता निघून गेले. रमाबाईंनी वादाला वाद वाढविला नाही आणि सदनही बंद केले नाही. ज्या मुली राहिल्या, त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी घंटा नेहमीच्याच वेळी झाली.

पुन्हा दुष्काळ

1896-97 साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. ती वार्ता ऐकली आणि रमाबाईंच्या डोळ्यांपुढे ते रान, तो झाडपाला, तो भाकरीचा तुकडा उभा राहिला. त्यांनी त्याच सुमारास आपल्या दुष्काळातील आठवणी लिहून काढल्या. वर जे प्रसंग आले, ते बहुतेक त्यांतच आहेत. वीस वर्षांहून अधिक काळ मनात दडवून ठेवलेले दुःख त्यांनी उघड केले, ते सहानुभूती मिळविण्यासाठी नव्हे, तर उपाशी मुलींसाठी.

त्या स्वतः दुष्काळी भागात गेल्या. रस्त्याच्या कडेला हाडांचे सापळे होऊन पडलेल्या मुली त्यांनी पाहिल्या. अनाथ मुलींना खाण्याचे आमिष दाखवून पळवून नेणारी माणसेही पाहिली. हाती पैसा थोडा, अमेरिकेच्या वचनाची दहा वर्षे संपत आलेली, जागा अपुरी. तरीही तीनशे मुलींना आश्रय देण्याचा त्यांनी निश्चय केला. पुण्यास मुली आणाव्यात, तर तेथे प्लेगने थैमान घातले होते आणि नव्या मुलींना शहरात ठेवण्यास सरकारी मनाई झाली. आता करावे काय?

याचे उत्तर काही वर्षांपूर्वीच तयार होऊन बसले होते. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेवर केडगाव येथे रमाबाईंनी सुमारे शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. फळबाग लावावी, म्हणजे पुढेमागे सदनाला उत्पन्न होईल, एवढाच तेव्हाचा हेतू होता. त्या उजाड माळावर आता राहुट्या आणि गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. तेथेच "मुक्ती" जन्मास आली. 1898 साली पक्क्या इमारतीचा पाया घातला गेला. 1900 साली गुजरातेत छप्पन्नाच्या दुष्काळाने हाहाकार उडविला, तेव्हा तिकडच्या मुली आल्या आणि मुक्तीतील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार! आपल्या घरी चार पाहुणे आले की आपण पिठाच्या डब्यात हात घालून पाहतो. त्या दोन हजारांत धडधाकट किती? कोणाला खरूज, कोणाला हगवण, कोणी भुकेने वेडीपिशी झालेली, कोणी चोरून खाण्याच्या सवयीची. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी "कृपा सदन" निघाले, वृद्ध आणि अपंगांसाठी "प्रीती सदन" निघाले. आंधळ्या मुलींसाठी मनोरमेने ब्रेल लिपी शिकून शाळा चालविली. फुलहॅमला पाहिलेले आणि शोमरोनाच्या विहिरीवर ऐकलेले असे केडगावच्या माळावर येऊन रुजले.

भरवसा आणि कष्ट

रमाबाई देवावर भरवसा ठेवून संस्था चालवीत, असे आपण म्हणतो. इंग्लंडातील जॉर्ज म्युलर आणि चीनमधील हडसन टेलर या प्रार्थनेच्या बळावर काम करणाऱ्या पुरुषांची चरित्रे त्यांनी वाचली होती आणि त्यांचा परिणाम त्यांच्यावर झाला होता. पैशाची खात्री नसताना मुलींना "नाही" म्हणायचे नाही, हा त्यांचा बाणा होता. पुष्कळदा उद्याच्या धान्याची सोय आज नसे आणि मग त्या मुलींसह प्रार्थनेस बसत.

परंतु प्रार्थना झाली की हात जोडून वाट पाहत बसणे हा त्यांचा धर्म नव्हता. मुक्तीत विहिरी खणल्या गेल्या. शेती होती, दुभती जनावरे होती, तेलाचा घाणा होता, माग होते, शिवण होते, छापखाना होता. लिहिता-वाचता येणे तर प्रत्येकीला आवश्यकच. संस्थेचा जमाखर्च व अहवाल वेळच्या वेळी प्रसिद्ध होत. स्वतः रमाबाई साधे पांढरे जाडेभरडे लुगडे नेसत आणि शाकाहार त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. देवावर भरवसा आणि घाण्याला बैल, अशी ही जोडी होती. एकावाचून दुसरे त्यांना अपुरे वाटे.

अन्यायापुढे गप्प बसणे हाही त्यांचा धर्म नव्हता. 1897 साली प्लेगच्या बंदोबस्तात पुण्याच्या इस्पितळांत स्त्रियांची जी दुर्दशा झाली, तिच्याविषयी त्यांनी "बॉम्बे गार्डियन" पत्रात उघडपणे लिहिले. सदनातील एका मुलीचे इस्पितळात नेल्यानंतर जे झाले, ते त्यांच्या जिवाला लागले होते. इंग्रज सरकारला हे लिहिणे झोंबले. ख्रिस्ती झालेली बाई राज्यकर्त्यांची तळी उचलील, अशी कोणाची समजूत असेल, तर ती खोटी ठरली. दुःख देवाच्या हाती सोपवावे, पण माणसाने केलेला जुलूम देवाच्या नावावर खपवू नये, हा भेद त्यांना पक्का ठाऊक होता.

1905 साली मुक्तीत प्रार्थनेची मोठी जागृती झाली. तिचे वर्णन स्वतंत्र लेखाचा विषय होईल. येथे एवढेच सांगते की, त्या जागृतीनंतर मुली लहान लहान तुकड्या करून आसपासच्या खेड्यांत जाऊ लागल्या. एके काळी ज्यांना कोणी विचारीत नव्हते, त्या आता दुसऱ्यांची विचारपूस करण्यास निघाल्या.

शेवटचा घाव

आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे रमाबाईंनी एका कामाला वाहिली. बायबलचे मराठी भाषांतर होते, पण खेड्यातील बाईला ते जड जाई. जिने बालपणी हजारो संस्कृत श्लोक मुखोद्गत केले, त्या पंडितेने आता अवघड संस्कृत शब्द जाणूनबुजून टाळून दुष्काळातून आलेल्या मुलीला समजेल अशा सोप्या मराठीत भाषांतर आरंभिले. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. खिळे जुळविणे, छापणे, बांधणे ही कामे मुक्तीतील स्त्रियांनीच केली.

मनोरमा आता आईचा उजवा हात झाली होती. आपल्यामागे हीच हे सर्व सांभाळील, अशी आईला उमेद होती. परंतु 24 जुलै 1921 रोजी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, मनोरमाबाई मिरज येथे देवाघरी गेल्या.

भगिनींनो, येथे क्षणभर थांबू या. आयुष्यभर देवाची सेवा केली, दोन हजार लेकरांची आई झाली, आणि त्या बाईची स्वतःची एकुलती एक लेक आईच्या आधी गेली. "चांगले केले तर चांगले होते" हा आपला हिशेब येथे पार कोलमडतो. रमाबाईंचे वडीलही देवाशी असाच हिशेब करीत होते. इतके उपास, इतके दान, मग देव नक्की प्रसन्न होईल! त्यांची निष्ठा खोटी नव्हती, पण त्या निष्ठेत एक सौदा होता. रमाबाईंच्या भरवशात सौदा उरला नव्हता. देव दुःख टाळील, असे त्यांनी कधी गृहीत धरले नाही. देव दुःखात सोडून जाणार नाही, एवढेच त्यांनी धरले आणि तेवढ्यावर त्या उभ्या राहिल्या. वधस्तंभावरील ख्रिस्ताकडे पाहणाऱ्याला दुसरे कोणते वचन मिळाले आहे? देवाने आपल्या पुत्रालाही तो प्याला चुकविला नाही.

मनोरमा गेल्यावर रमाबाईंनी भाषांतराचे उरलेले काम हाती घेतले. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल 1924 साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. केडगावचे मुक्ती मिशन आजही निराधार स्त्रियांना व मुलांना आसरा देत आहे.

आपण काय घ्यावे?

"हे माझ्याच वाट्याला का?" या प्रश्नाचे उत्तर रमाबाईंना मिळाले का? त्यांच्या लिखाणात मला तसे उत्तर सापडत नाही. आई उपाशी का मेली, याचा उलगडा त्यांना झाला असे कोठे दिसत नाही. परंतु दुसरे एक उत्तर मला दिसते. ज्या दिवशी तिरडीला खांदेकरी मिळत नव्हते, त्या दिवशी दोन अनोळखी माणसे पुढे आली. ज्या दिवशी तोंडातून शब्द फुटत नव्हता, त्या दिवशी एका अनोळखी बाईने मायेने विचारले आणि भाकरीचा तुकडा हातावर ठेवला. आई त्या तुकड्याने वाचली नाही. पण तो देणारा हात रमाबाई विसरल्या नाहीत. पुढे केडगावात त्या स्वतः तोच हात झाल्या आणि दोन हजार मुलींना त्यांनी भाकरी दिली, खांदा दिला.

मला वाटते, देव दुःखी माणसाला बहुधा असेच उत्तर देतो. तो कारण सांगत नाही, माणूस पाठवितो. आणि पुष्कळदा ज्याला तो पाठवितो, ते माणूस आपण असतो, पण आपल्याला ऐकू येत नाही.

आपले मंडळ लहान आहे. आपल्याला दोन हजार मुलींचे घर चालवायचे नाही. पण शेजारच्या घरात मयत झाले, तर तेराव्या दिवसानंतर, जेव्हा सर्व पाहुणे निघून जातात आणि घर खायला उठते, तेव्हा त्या बाईकडे जाऊन बसणे आपल्याला जमेल. उपदेश करू नये. मुकाट्याने बसावे, तिच्या मुलांना जेवायला वाढावे, तिचे कागदपत्र, पेन्शन, शाळेची फी यांच्यासाठी तिच्याबरोबर कचेरीत जावे. ती ख्रिस्ती आहे की हिंदू की मुसलमान, हे विचारण्याची गरज नाही. भाकरी देणाऱ्या त्या बाईने रमेला तिचा धर्म विचारला नव्हता आणि विहिरीवरच्या स्त्रीजवळ पाणी मागताना प्रभूने तिची जात पाहिली नव्हती.

आणि आपल्यापैकी जिच्या घरी आज दुःख आहे, तिला एवढेच सांगावेसे वाटते. बाई, तुला प्रश्न पडतो म्हणून तुझा विश्वास कमी आहे, असे समजू नकोस. रड, देवाशी भांडायचे असेल तर भांड, पण त्याचा हात सोडू नकोस. जो भार तुझ्या खांद्याला पेलत नाही, तो डोक्यावर घेऊन का होईना, चालत राहा. तीन मैलांची वाट आहे. तू एकटी चालत नाहीस.